देवाचं भ्या

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सिरसाळ्यात, आणि एकूणच परळी-माजलगावच्या पट्ट्यात, एखाद्याला शेवटचं सांगायचं असलं की म्हणतात, "जरा देवाचं भ्या ठेव." पोलिसांचं, पाटलाचं, सावकाराचं भय दाखवून झालं, की मग देवाचं.

माझ्या आजीच्या तोंडी हे वाक्य दिवसातून चारदा तरी यायचं. शेजारणीकडून उसनी आणलेली ज्वारी परत करताना ती मापटं शिगोशीग भरायची. आणलेलं असायचं काठोकाठ, परत करायची शीग लावून. "जास्तीचं कशाला?" असं मी विचारलं की म्हणायची, "मापात पाप नको बाबा. वरचा बघतोय. त्याचं भ्या हाय." अक्षरओळख नसलेली बाई, पण उभ्या गल्लीत तिच्या मापाला कुणी हात लावून बघत नसे.

याच आजीची दुसरी गोष्ट. देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला, तेव्हा तिने मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला कणगीमागे लपवलं. टोचून घेतलं तर देवीचा कोप होईल, हे तिचं भय. पुढच्याच उन्हाळ्यात बहिणीला देवी आल्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, घरात फोडणी बंद झाली. बहीण वाचली. डावा डोळा मात्र गेला.

मापटं शीग लावून भरणारी आणि नात लपवणारी बाई एकच. देवाचं भ्या हे शब्दही तेच. मग हे भय चांगलं की वाईट? आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, पण या प्रश्नाला हात घालण्याची हिंमत निवृत्त झाल्यावरच झाली. आणि गंमत अशी, की त्यावर विचार करायला लावणारं सर्वांत जास्त साहित्य मला सापडलं ते ख्रिस्ती परंपरेत. मी ख्रिस्ती नाही. रद्दीच्या दुकानात एक जुनं मराठी बायबल मिळालं, तिथून हे वाचन सुरू झालं. त्यातल्या नीतिसूत्रांच्या आरंभीच, परमेश्वराचं भय ही ज्ञानाची सुरुवात आहे, अशा अर्थाचं वचन आहे. मी तिथेच अडलो. जो धर्म देवाला बाप म्हणतो, तो त्याला भ्यायला का सांगतो? आणि भय असेल तिथे ज्ञान कसलं? भ्यालेल्या पोराला साधा पाढा आठवत नाही, हे कोणताही मास्तर सांगेल.

आधी शब्द पाहू. मूळ हिब्रूत इथे 'यिरा' असा शब्द आहे. वाघाला पाहून पाय लटपटतात ती भीतीही 'यिरा', आणि डोंगरावरून पहाट होताना पाहिली की माणूस आपोआप गप्प होतो, तेही 'यिरा'. ग्रीकमध्ये त्याला 'फोबोस' म्हटलं गेलं. आज डॉक्टर 'फोबिया' म्हणतात तो त्याच घराण्यातला.

या शब्दाची खरी गंमत निर्गमच्या विसाव्या अध्यायात दिसते. सीनाय पर्वतावर ढग गडगडताहेत, धूर निघतो आहे, लोक थरथर कापत दूर उभे आहेत. मोशे त्यांना आधी सांगतो, की भिऊ नका. आणि त्याच दमात सांगतो, की देव आला आहे तो अशासाठी, की त्याचं भय तुमच्या डोळ्यांपुढे राहावं आणि तुमच्या हातून पाप होऊ नये. भिऊ नका आणि भय ठेवा, दोन्ही एकाच वाक्यात! भाषांतर करणाऱ्यांचा घाम काढणारी जागा आहे ही. पण माझ्या आजीच्या दोन गोष्टींची गाठ नेमकी इथेच आहे. एक भय माणसाला देवापासून दूर पळवतं, दुसरं त्याला वाईटापासून दूर ठेवतं.

याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात दोन सुइणी आहेत. शिफ्रा आणि पुआ. मिसरच्या राजाने त्यांना हुकूम दिला, की इब्री बायांना मुलगा झाला तर तो जागीच मारा. त्यांनी मारला नाही. कारण काय? तर त्या देवाला भीत होत्या, असं ग्रंथ सांगतो. राजापुढे उभ्या राहून त्यांनी चक्क थापही मारली, की इब्री बाया दणकट, आम्ही पोहोचायच्या आत बाळंत होतात. ज्याच्या एका शब्दावर मुंडकं उडालं असतं त्या राजाची भीती त्यांना वाटली नाही असं नव्हे, पण दुसरं एक मोठं भय त्यांच्या मनात आधीच घर करून बसलं होतं. येशूनेही शिष्यांना हेच सांगितलं, की जे फक्त शरीर मारू शकतात त्यांना भिऊ नका.

पुढे चर्चच्या पंडितांनी या दोन भयांना नावं दिली. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत होऊन गेलेला ऑगस्टीन हा यातला मोठा माणूस. योहानाच्या पहिल्या पत्रात, पूर्ण प्रेम भयाला बाहेर घालवतं, असं म्हटलं आहे. मग देवाचं भय हवं कशाला, असा पेच. ऑगस्टीनने तो संसारातल्या दाखल्याने सोडवला. दोन बायका आहेत, दोघीही नवऱ्याला भितात. एकीचं वागणं वाकडं आहे, तिला भीती ही की नवरा येईल. दुसरीची भीती ही की तो आपल्याला सोडून जाईल. पहिलं भय प्रेम आलं की जातं, दुसरं प्रेमासोबतच वाढतं. दाखला त्या काळातल्या घरचा आहे, आजच्या सुना ऐकून घेणार नाहीत. पण मुद्दा पोहोचतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने यालाच दासाचं भय आणि लेकराचं भय म्हटलं. दास फटक्याला भितो. लेकरू बापाचं मन दुखावेल म्हणून भितं. कॅथलिक शिकवणीत पवित्र आत्म्याची जी सात दानं मोजतात, त्यांत शेवटचं दान भयाचं आहे, ते हे दुसरं.

तिसरीही एक जात आहे, आणि ती आपल्या ओळखीची आहे. रुडॉल्फ ओटो या जर्मन पंडिताने १९१७ मध्ये पवित्रतेच्या अनुभवावर एक ग्रंथ लिहिला. त्यात बायबलच्या बरोबरीने त्याने गीतेचा अकरावा अध्याय घेतला आहे. अर्जुनाला विश्वरूप दिसतं, तो कापतो, हात जोडतो आणि आपलं नेहमीचं सौम्य रूप दाखव म्हणून विनवतो. अर्जुनाने काही गुन्हा केलेला नाही, त्याला शिक्षेची भीती नाही. समोरचं एवढं अफाट आहे, की आपण केवढे आहोत हे त्याला एकदम कळतं.

हे झालं पुस्तकातलं. पण देवाचं भय कुणी कुणाला, कशासाठी घातलं, हे पाहायचं तर आपल्याच मुलखाच्या इतिहासात यावं लागतं.

सुरुवात गोव्यापासून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि मराठीच्या प्रेमात पडला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि त्यांत स्वर्गाला वैकुंठ म्हणायला हा परदेशी माणूस कचरला नाही. जुनी पुराणं नव्या ख्रिस्ती लोकांना बंद झाली, मग त्यांनी वाचायचं काय, या गरजेतून हा ग्रंथ निघाला. पण ती पुराणं बंद कशी झाली? देवळं पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलं होतं. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार केलं आणि त्याचा सूड पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांवर उगवला. इतक्या गोड ओव्या आणि इतकं कडू भय एकाच मुलखात, एकाच काळात नांदत होतं. इन्क्विझिशन कायमचं उठलं ते १८१२ मध्ये. देवाच्या नावाखाली सरकारचंच भय घातलं जात होतं, हे मी आडपडदा न ठेवता म्हणतो. त्याला लेकराचं भय कुणी म्हणू नये.

दोन शतकांनी इंग्रजी अमलात मिशनरी आले, तेव्हा त्यांच्या हाती तोफ नव्हती, छापखाना होता. विल्यम केरीने बंगालमध्ये सेरामपूरला १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं. पुढच्या मराठी बायबलांत 'भय' आणि 'भिणे' हेच शब्द रुळले. 'धाक' होता, 'दरारा' होता, 'मर्यादा' होती, 'भीड' तर फारच जवळचा होता. पण बसला तो 'भय'. अलीकडच्या सोप्या भाषांतरांत 'आदर' किंवा 'मान' असे शब्द येतात. मला ते पुचाट वाटतात. आदर आपण पाहुण्यांचाही करतो. आदरापोटी कुणी फिरौनचा हुकूम मोडत नाही.

आता आमच्या मराठवाड्याची गोष्ट. नारायण शेषाद्री हे निजामाच्या मुलखातल्या ब्राह्मण घराण्यातले, मुंबईला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, अवघा बारा वर्षांचा, तोही मिशनऱ्यांकडे राहिला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. पण घर मिळालं तरी जात मिळेना. ख्रिस्त्यांच्या पंक्तीला जेवलेल्या पोराला परत घ्यायचं कसं, यावर मुंबईत रण माजलं. 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन घ्यावं या बाजूने उभे राहिले आणि सनातनी मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला. या सगळ्या गदारोळात देव कुठे होता? सारी भीती पंक्तीची. उद्या आपल्या घरी कोण जेवणार नाही, आपल्या मुलीला कोण करून घेणार नाही, याची.

नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले. सालारजंगांकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं, आणि ते मुख्यतः मांग समाजातल्या लोकांसोबत राहिले. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत हा मराठवाड्याचा माणूस बोलून आला. त्या काळात ब्राह्मणाने मांगांच्या घरी जेवायचं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. पंक्तीचं भय ज्याचं सुटलं, त्यालाच ते जमलं.

सुटणं मात्र एका रात्रीत होत नाही. ते कसं होतं हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावीत. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने असं झपाटलं, की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जायची, मीठसुद्धा! मीठ धुतलं की काय उरतं? मी हे वर्गात वाचून दाखवायचो तेव्हा पोरं खो खो हसायची. मलाही हसू यायचं. पण घरी आल्यावर आजीची कणगी आठवायची. भ्यालेला माणूस हातात येईल ते धूत सुटतो, किंवा लपवत सुटतो.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या, तरी त्यांचं सोवळं चालूच होतं, पाणी वेगळं, चूल वेगळी. मग एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं, की जाती माणसाने केल्या, देवाने नव्हेत. आणि आपण यापुढे कुणाच्याही हातचं खाऊ. विशेष म्हणजे हे झालं तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा १९०० मध्ये. म्हणजे आधी एक भय गेलं आणि रिकाम्या झालेल्या जागी देव आला, असा त्यांचा क्रम. टिळकांनी तर ख्रिस्ताला माउली म्हणून अभंगांत आळवलं. तुकोबांच्या वाटेने गेलेल्या माणसाला कोपणारा देव परवडणारच नव्हता.

आणि पंडिता रमाबाई. त्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासोबत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थं करत, पुराणं सांगत हिंडत होतं. दुष्काळ आला. दानं झाली, उपवास झाले, देवापुढे धरणं झालं, आणि आईवडील अन्नावाचून गेले. बहाद्दरची तुरी नाही की बाजरीचा दाणा नाही, असा दुष्काळ ज्यांनी १९७२ मध्ये आमच्याकडे पाहिला, त्यांना हे पुस्तकातलं वाटणार नाही. देव प्रसन्न होत नाही म्हणजे आपलंच काही चुकलं, हे भय त्या पोरवयात रमाबाईंनी जवळून पाहिलं.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मठातल्या भगिनींना वाटलं, आता ही आज्ञेत राहील. झालं भलतंच. त्रैक्याचा सिद्धान्त पटेना, तो त्यांनी नाकारला. क्रूसावर लॅटिन शब्द नकोत, संस्कृत हवेत, म्हणून वाद घातला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा मला माझी स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, देवाने दिलेलं स्वातंत्र्य मी कुणा धर्माधिकाऱ्याच्या हवाली करणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. आपण 'जनाची नाही तरी मनाची' म्हणतो ना, तसं. पुण्यात बाप्तिस्म्यामुळे आपली माणसं तुटली होती, आता ज्यांच्या धर्मात गेल्या तेही नाराज. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तावर टीका करणारं त्यांचं पत्र 'बॉम्बे गार्डियन'मध्ये छापून आलं आणि त्याचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटात उमटले. सरकार ख्रिस्ती, बाई ख्रिस्ती. पण बाई सरकारला भ्याली नाही. शिफ्रा आणि पुआ यांची आठवण मला इथे झाली.

एक गोष्ट मला अवघड जाते, तीही सांगतो. १९०५ च्या जूनमध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं धर्मजागरण झालं. मुली तासन् तास रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, कित्येकींना अंगात आग पेटल्यासारखं वाटत होतं. हे लेकराचं भय की दासाचं? दुष्काळातून, छळातून उचलून आणलेल्या या पोरी. त्यांनी कोणतं मोठं पाप केलं होतं? मला ते वर्णन वाचताना धास्ती वाटते. पण त्याच मुलींनी पुढे छापखाना चालवला, खिळे जुळवले, शेती केली, हेही तितकंच खरं.

आणि त्या छापखान्यात काय छापलं? रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली आणि उतारवयात संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. अडाणी बाईला ऐकून कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. १९२४ मध्ये ते बायबल बाहेर पडलं. 'यिरा' या शब्दापाशी त्या किती वेळ थांबल्या असतील, असं माझ्या मनात नेहमी येतं. ज्या बाईने दोन्ही भयं अंगावर घेतली होती, तिच्यासाठी तो नुसता शब्द नव्हता.

मध्यंतरी बहीण माहेरपणाला सिरसाळ्याला आली होती. तिला मी त्या दोन सुइणींची गोष्ट वाचून दाखवली, आणि पुढची, मोशेच्या आईने तान्ह्या मोशेला तीन महिने लपवून ठेवल्याची. ती ऐकत होती. म्हणाली, "दादा, आजीनं मला लपवलं होतं ते पण असंच की रे. तिच्या परीनं."

मी म्हटलं, "पण डोळा गेला."

"गेला," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "तो टोचणारा माणूस पुन्हा आला होता का रे कधी?"

आला होता. दुसऱ्याच वर्षी. तेव्हा आजीने मला आणि चुलत्याच्या दोन्ही पोरांना स्वतः हाताला धरून चावडीवर नेलं होतं.